जुनी सायकल पूर्ववत करायची? आधी भंगाराची पिशवी थांबवा

अहेरी, आलापल्ली, भामरागड या जंगलपट्ट्यातल्या एखाद्या जुन्या घराच्या पडवीत रॉड ब्रेकची काळी सायकल धूळ खात उभी असू शकते. अशी सायकल दुरुस्त करायची ठरली की नवा रंग लागतो, नव्या रिमा आणि नवी सीट बसते, आणि काढलेले भाग भंगारात जातात. सायकल चालू होते, पण ती कोणत्या काळातली आणि कोणत्या कारखान्यातली, हे सांगणारा पुरावा मात्र जातो.

'त्या काळाचे भाग' म्हणजे काय?

सायकल कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिला जे भाग होते, त्याच काळातले आणि त्याच जातीचे भाग वापरणं. यात पसंतीचा क्रम ठरलेला आहे. आधी सायकलचा स्वतःचा मूळ भाग, तो निकामी असेल तर त्याच काळातला वापरलेला भाग, आणि तोही नसेल तरच नवा, पण त्याच मापाचा आणि घडणीचा.

वय कसं ओळखायचं?

* पितळी बिल्ला : हँडलखाली पुढच्या नळीवर असतो. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. ही मुळात शस्त्रं बनवणारी कंपनी, म्हणून तिच्या चिन्हात एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका आहेत. रॅलेच्या चिन्हात बगळा असतो.
* फ्रेम नंबर : सीटखालच्या जोडावर, मागच्या चाकाजवळ किंवा पायडलच्या आसाखाली ठोकलेला असतो. रंगाच्या थराखाली तो सहज दडतो.
* मागचा हब : स्टर्मी-आर्चरच्या बहुतेक गिअर हबवर निर्मितीचं साल कोरलेलं असतं. चाक कधी बदललं असेल तर हे साल सायकलच्या वयाशी जुळणार नाही.

नॉटिंगहॅमची रॅले आणि आसनसोलच्या कारखान्यातली सेन-रॅले या दोन वेगळ्या सायकली आहेत. म्हणून भाग शोधण्याआधी आपली कोणती, हे ठरवावं.

माप कुठे फसवतं?

टायरवर '२६' लिहिलं म्हणजे तो बसेलच असं नाही. २६ × १⅜ टायरचा रिमवर बसणारा व्यास ५९० मिमी असतो, तर माउंटन बाइकच्या २६ × १.९५ टायरचा ५५९ मिमी. मोठ्या काळ्या सायकलला २८ × १½, म्हणजे ६३५ मिमीचा टायर लागतो.

रॉड ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या, म्हणजे हबकडच्या बाजूला टेकतात. आधुनिक रिमला तिथे सपाट जागा नसते, त्यामुळे ती बसवली की ब्रेक निकामी होतो.

आट्यांचंही तसंच. नेहमीच्या ब्रिटिश मापात पायडलच्या आसाच्या वाट्यांना इंचाला २४ आटे असतात, पण जुन्या रॅलेला २६. चुकीची वाटी जोर लावून फिरवली तर फ्रेमचेच आटे मरतात.

काय जपावं, काय बदलावं?

सुरक्षिततेचे भाग जुने ठेवू नयेत. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर आणि झिजलेले छर्रे नवेच घालावेत.

मूळ रंग आणि सोनेरी रेघा मात्र शक्यतो तशाच ठेवाव्यात. पावडर कोटिंगआधी फ्रेम खरवडली जाते आणि रेघा कायमच्या जातात. वरवरचा गंज तेल आणि पितळी ब्रशनं निघतो. खोल गंजासाठी ऑक्झॅलिक आम्ल वापरतात. ते विषारी असल्यानं हातमोजे घालावेत, काम मोकळ्या हवेत करावं, नंतर भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन वाळवावा आणि लगेच तेल लावावं.

क्रँकची कॉटर पिन ठोकून काढताना क्रँकखाली भक्कम लोखंडी नळीचा टेकू द्यावा, नाहीतर हातोड्याचा मार छऱ्यांवर आणि वाट्यांवर बसतो. चामड्याची सीट पाण्यात भिजवू नये. पावसाळ्यात तिला बुरशी धरते, म्हणून ती पुसून हवेशीर जागी ठेवावी.

महाराष्ट्रातलं उदाहरण

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. ते २०१७ मध्ये सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल तिथे आहे. त्यांच्या संग्रहाची सुरुवात याच सायकलीपासून झाली. आज तिथे शंभराहून जास्त सायकली, शिवाय जुने दिवे, घंट्या आणि सुटे भागही आहेत. आपल्या सायकलीचा हरवलेला भाग मुळात कसा दिसत असे, हे अशा ठिकाणी प्रत्यक्ष बघता येतं.

अहेरीसारख्या गावात भाग कुठे मिळतील?

काळ्या सायकलीची मूळ घडण अनेक दशकं फारशी बदलली नाही. त्यामुळे टायर, चेन, कॉटर पिन, ब्रेकचे रबर अशा गोष्टी आजही मिळतात. जिथे ही सायकल जास्त काळ वापरात राहिली, तिथल्या जुन्या दुकानांच्या खणांत पडून राहिलेला माल सापडण्याची शक्यता शहरापेक्षा जास्त. जाताना जुना भाग सोबत न्यावा. नावापेक्षा नमुना लवकर जुळतो.

सुटा केलेला प्रत्येक भाग फोटो काढून, चिठ्ठी लावून पिशवीत ठेवावा. नवा रंग पुढे कधीही देता येईल, पण भंगारात गेलेला पितळी बिल्ला परत येत नाही.