सात घरांचा चौक

संध्याकाळी करंजाड्यात फिरलं की इमारतींच्या तळमजल्यावर, उभ्या स्कूटरींच्या मधल्या जागेत खुर्च्या टाकून बसलेल्या आजीबाई दिसतात. नकाशात ती जागा गाड्यांची. बायकांनी ती ओटा करून टाकली आहे.

ओटा आधी आणि घर नंतर, असा विचार याच नवी मुंबईत झाला होता. खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली. १९७० मध्ये सिडको आली. पुढे १९८३ ते ८६ या काळात कोरियांनी बेलापूरला पारसिकच्या डोंगरापायथ्याशी आर्टिस्ट व्हिलेज उभारलं. सुमारे आठ मीटर लांब-रुंद चौकाभोवती सात घरं. असे तीन गट मिळून एकवीस घरांचा मोठा चौक, आणि तेही पुढे तीन-तीननं जोडलेले. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरीब-श्रीमंतातलं अंतर एवढंच. दोन घरांत सामाईक भिंत नाही. खोली वाढवायची तर शेजाऱ्याची मनधरणी नको. लोकांनी पुढे खरोखरच वाढवली. कौलारू घरं पाडून दोन-तीन मजले चढवले. वास्तुकलेचे अभ्यासक त्यावर हळहळतात. मला ते योजनेचं यशच वाटतं. घरं बदलली तरी चौक राहिले.

पण हे घडत होतं त्याच काळात, जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. करंजाड्यातल्या कितीतरी इमारती अशाच भूखंडांवर उभ्या आहेत.

या साडेबारातला हिशेब सहसा कुणी सांगत नाही. त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापून घेतले जातात. हातात पडतात पावणेनऊ. म्हणजे गावाच्या सामाईक जागेची किंमत गावकऱ्यानंच, स्वतःच्या शेतातून मोजली. उरलेला भूखंड बहुतेकदा बिल्डरकडे जातो आणि तो कुंपणापासून कुंपणापर्यंत बांधतो. त्याला तरी दोष काय द्यायचा? चौक विकता येत नाही.

विमानतळामुळे उठलेल्या गावांतली काही घरं आता वडघर-करंजाड्याच्या बाजूला आली आहेत. तिथं शाळेला भूखंड आहे, देवळालाही आहे. हळदीचा मांडव मात्र रस्त्यातच घालावा लागतो.