खोडदची आकडेमोड व घरचा संगणक

मंचरच्या आमच्या एका आप्तांनीं यंदा कांद्याच्या पट्टीचे पैसे हातीं येतांच मला प्रश्न घातला. संगणकांत निराळें ग्राफिक्स कार्ड हवें म्हणून मुलगा हटून बसला आहे. त्यापायीं किंमत बरीच चढते. याला खर्च म्हणावें कीं उधळपट्टी?

उत्तर त्यांच्या गांवाहून फार दूर नाहीं. नाशिक रस्त्यानें नारायणगांव गांठावें व उजवीकडे खोडदला वळावें. तेथें आणि आसपासच्या २५ किलोमीटरांत, कै. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून उभ्या राहिलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्या भरीव पत्र्याच्या नसून बारीक तारांच्या जाळीच्या आहेत. लांब रेडिओलहरींना जाळीही पत्र्याइतकीच पुरते, वारा तींतून निघून जातो, आणि वजनाबरोबर खर्चही वांचतो. इतक्या काटकसरी मंडळींनीं ग्राफिक्स प्रोसेसर कां घ्यावेत?

कारण असें कीं, प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येकीच्या संकेताशीं गुणावा लागतो. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक सूक्ष्म कंप्रतेसाठीं हा गुणाकार निराळा. आरंभीं हें काम खास घडविलेलीं विद्युन्मंडलें करीत. २०१० च्या सुमारास तें साध्या संगणकांच्या तांड्यावर सोंपविलें गेलें. पण पट्टा सुमारें ३२ मेगाहर्ट्झचाच होता. तो ४०० पर्यंत न्यावयाचा ठरला, तेव्हां ग्राफिक्स प्रोसेसर आले. पडद्यावरील लक्षावधि ठिपके एकदम रंगविण्यासाठीं निर्मिलेल्या या यंत्रांत शेंकडों लहान गणक एकच हिशेब एकाच वेळीं करतात. खोडदचें कामही नेमकें त्याच जातीचें. २००७ सालीं एनव्हिडियानें ‘कूडा’ ही पद्धति खुली केल्यापासून खेळाबाहेरचें गणितही त्यांवर सुलभ झालें होतें.

जगभरच्या मुलांनीं खेळांपायीं पालकांचा पैसा उडविला नसता, तर हीं यंत्रें इतकीं वेगवान झालीं असतीं कीं नाहीं याची मला शंका आहे. खोडदच्या ज्योतिःशास्त्रावर त्या उनाडांचें थोडें ऋण आहेच!

परंतु म्हणून आमच्या आप्तांनीं थैली सोडावी असें होत नाहीं. पत्र लिहिणें, जमाखर्च मांडणें, व्याख्यानें पाहणें यांत ४३५ जोड्या कोठें आहेत? हीं कामें मुख्य प्रोसेसरांतच बसविलेल्या चित्रशक्तीनें सुखानें होतात. निराळें कार्ड वीज खातें, ऊब सोडतें आणि कांहीं वर्षांत जुनें होतें. इमारतींचे त्रिमित आराखडे काढावयाचे असल्यास गोष्ट निराळी. मुलाला विचारलें, तर तो म्हणाला, वास्तुशास्त्राला प्रवेश मिळाला तर काढीन. मीं आप्तांना सांगितलें कीं, यादी लागेपर्यंत साधाच संगणक घ्यावा. मात्र पेटींत पुढें कार्ड बसविण्यास जागा व पुरेसा वीजपुरवठा असावा. मुलगा रुसला आहे.