अग्निशस्त्रांची उपसाधने व अमेरिकेतील संघीय विनियम

नळी, चाप व गोळी भरण्याची यंत्रणा हे बंदुकीचे मूळ भाग सोडून तिला जोडता येणाऱ्या वस्तूंना उपसाधने म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत यांपैकी बहुतेकांवर संघीय निर्बंध नाहीत; काहींमुळे मात्र शस्त्राचा कायदेशीर वर्गच बदलतो. अशा उपसाधनांबाबत मूळ अधिनियम तोच राहूनही त्याचा प्रशासकीय अर्थ वेळोवेळी बदलत गेला आणि कालपर्यंत निर्वेधपणे विकली जाणारी वस्तू बाळगणे हा गंभीर गुन्हा ठरू लागला.

मद्यबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनंतर १९३४ साली राष्ट्रीय अग्निशस्त्र अधिनियम संमत झाला. मशिनगन, आखूड नळीच्या रायफली व शॉटगन आणि सायलेन्सर यांच्या हस्तांतरावर २०० डॉलर कर बसवून त्यांची नोंदणी सक्तीची करण्यात आली. त्या काळी ही रक्कम एवढी जबर होती, की महसुलापेक्षा प्रतिबंध हाच तिचा हेतू उघड होता. तरीही १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिनियम संसदेच्या करविषयक अधिकारात बसतो, असा निर्णय दिला. मूळ विधेयकात पिस्तुलांचाही समावेश होता व नळी कापून लपविण्याजोगी केलेली बंदूक ही त्यातील पळवाट ठरू नये, म्हणून आखूड नळीचे कलम घातलेले होते. पुढे पिस्तुले वगळली गेली, पण कलम तसेच राहिले. नंतरच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ या अवशेषात आहे. १९८६ च्या अधिनियमाने नव्या मशिनगन खाजगी व्यक्तींना बाळगण्यास मनाई केली.

चापाच्या एकाच क्रियेने आपोआप एकाहून अधिक गोळ्या झाडणारे शस्त्र, अशी मशिनगनची व्याख्या आहे. ‘बंप स्टॉक’ या सरकत्या दस्त्यामुळे गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने बंदूक मागेपुढे हलते व स्थिर धरलेल्या बोटावर चाप पुनःपुन्हा आदळतो. स्प्रिंग बसविलेल्या अशा एका साधनाची मान्यता संघीय ब्यूरोने २००६ मध्ये काढून घेतली, तर २०१० मध्ये स्प्रिंगविरहित दस्ता मशिनगन नव्हे, असे कळविले. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगास येथील संगीत महोत्सवावर झालेल्या भीषण गोळीबारात असे दस्ते वापरले गेले. तेव्हा ब्यूरोने मत बदलले व २६ मार्च २०१९ पासून ते मशिनगन ठरले. १९८६ च्या मनाईमुळे नोंदणीचा मार्गही बंद असल्याने ते नष्ट करणे वा स्वाधीन करणे एवढेच मालकांच्या हाती उरले. भरपाई मिळाली नाही. टेक्ससमधील एका मालकाने आपले दोन दस्ते स्वाधीन करून नियमाला आव्हान दिले. या गार्लंड विरुद्ध कारगिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जून २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी नियम रद्द ठरविला. प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने कार्य करतो, हे बहुमताचे कारण होते; परिणाम मशिनगनसारखाच होतो, याकडे अल्पमताने लक्ष वेधले. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क इ. राज्यांची स्वतंत्र बंदी या निर्णयाने उठली नाही.

पिस्तूल-आधारकाचा इतिहास अधिक वेडावाकडा आहे. अपंग व्यक्तीस पिस्तूल हाताच्या पुढील भागाला बांधून धरता यावे, म्हणून तयार झालेल्या या साधनाला २०१२ मध्ये संमती मिळाली. २०१५ मध्ये ब्यूरोने ते खांद्याला टेकविल्यास शस्त्र आखूड नळीची रायफल बनते, असे जाहीर केले व २०१७ मध्ये ही भूमिका सौम्य केली. ३१ जानेवारी २०२३ च्या नियमाने अशी बहुतेक शस्त्रे रायफली ठरवून चार महिन्यांची मुदत दिली : आधारक काढावा, ४०.६ सेंमी. (१६ इंच) वा अधिक लांबीची नळी बसवावी, करमुक्त नोंदणी करावी, शस्त्र स्वाधीन करावे वा नष्ट करावे. कसूर झाल्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. सुमारे अडीच लाख अर्ज आले. टेक्ससमधील संघीय न्यायालयाने १३ जून २०२४ रोजी नियम रद्द केला. नोंदणी झालेली आखूड रायफल दुसऱ्या राज्यात नेण्यास आगाऊ परवानगी लागते. ती अट, म्हणजे आज्ञापालनाचा भार, नोंदणी केलेल्यांवरच पडला.

४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने सायलेन्सर व आखूड नळीच्या बंदुका यांवरील कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला. नोंदणी मात्र कायम ठेवली. कर उरला नाही, तर करविषयक अधिकारावर उभी असलेली नोंदणी कोणत्या आधारावर टिकते, असा प्रश्न करणारे दावे त्यानंतर संघीय न्यायालयांत दाखल झाले.