नवीन टायर पहिल्या दिवशी का घसरतात? स्पोर्ट्स कारचे टायर बसवताना आणि पहिल्या २०० किलोमीटरमध्ये काय सांभाळायचं?

२०२४ मध्ये पोर्शेने आपली वीस वर्षं जुनी गाडी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर पुन्हा उतरवली. गाडी होती कॅरेरा जीटी आणि स्टिअरिंगवर होता अनुभवी रेसर यॉर्ग बर्गमायस्टर. सुमारे २०.८ किलोमीटरची फेरी त्याने ७ मिनिटं १२.६९ सेकंदांत पूर्ण केली. ही गाडी नवीकोरी असताना लागलेल्या वेळेपेक्षा ही वेळ १५ सेकंदांहून अधिक कमी होती. इंजिन तेच होतं, ५.७ लिटरचं व्ही-१०. मोठा बदल होता टायरचा. मिशेलिनने या गाडीसाठी नव्याने बनवलेले ‘पायलट स्पोर्ट कप २’ टायर तिला लावले होते.

याच मॉडेलची दुसरी गोष्ट मात्र दुःखद आहे. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा इथे एका कॅरेरा जीटीचा अपघात झाला. त्यात ‘फास्ट अँड फ्युरियस’चा अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारे त्याचे मित्र रॉजर रोडास यांचा मृत्यू झाला. तपास यंत्रणांनी अपघाताचं कारण अतिवेग असल्याचं सांगितलं. ताशी ७२ किलोमीटरच्या मर्यादेच्या रस्त्यावर गाडी ताशी १३० ते १५० किलोमीटरच्या दरम्यान होती. पण तपासात आणखी एका गोष्टीची नोंद झाली. गाडीचे टायर नऊ वर्षं जुने होते आणि त्यामुळे गाडीच्या हाताळणीवर परिणाम झालेला असू शकतो.

गाडी कितीही ताकदीची असली तरी तिचा रस्त्याशी संबंध येतो तो फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढंच रबर रस्त्याला टेकलेलं असतं. म्हणूनच टायर वेळेवर बदलावे लागतात. पण अनेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की, टायर बदलल्यावर पहिले काही किलोमीटर गाडीची पकड पूर्ण नसते. ती हळूहळू येते.

आधी टायर वाचायला शिका

टायरच्या बाजूवर, म्हणजे साइडवॉलवर, त्याची सगळी कुंडली छापलेली असते. समजा ‘३०५/३० झेडआर २१’ असं लिहिलंय. याचा अर्थ टायरची रुंदी ३०५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ३० टक्के आणि रिम २१ इंचांची. ‘आर’ म्हणजे रेडियल. ‘झेड’ म्हणजे टायर ताशी २४० किलोमीटरपेक्षा जास्त वेगासाठी बनवलेला आहे.

सध्याच्या पिढीतल्या पोर्शे ९११ कॅरेरा एसमध्ये हा मागच्या चाकांचा आकार आहे. पुढचे टायर २४५/३५ झेडआर २० असे वेगळे असतात. बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये पुढे-मागे वेगळे आकार असल्याने नेहमीच्या गाडीसारखी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करता येत नाहीत.

दुसरी खूण असते गाडीच्या कंपनीची. पोर्शेने तपासून मान्यता दिलेल्या टायरवर ‘एन’ आणि पुढे आकडा असतो, बीएमडब्ल्यूच्या टायरवर चांदणी असते, मर्सिडीजच्या टायरवर ‘एमओ’ असतं. टायरचं नाव आणि आकार तोच असला, तरी या खुणेचा टायर त्या गाडीसाठी आतून वेगळा बनवलेला असू शकतो. त्यामुळे चारही चाकांवर एकाच खुणेचे टायर असलेले चांगले.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तारीख. ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. ‘१२२४’ म्हणजे २०२४ सालच्या १२व्या आठवड्यात बनलेला टायर. दुकानातला न वापरलेला टायर दिसायला नवा असतो, पण रबर गोदामातही म्हातारं होतं. स्पोर्ट्स कार महिन्यातून एकदा बाहेर निघत असेल, तर टायरच्या खाचा शाबूत राहतात आणि रबर मात्र कडक होत जातं. म्हणून अशा गाडीचा टायर किती झिजलाय, याच्याइतकंच तो किती जुना आहे हेही बघावं लागतं.

दुकानात गाडी उभी केल्यावर

स्पोर्ट्स कार जमिनीपासून जेमतेम वर असते. त्यामुळे कंपनीने ठरवून दिलेल्या जागीच जॅक लावावा लागतो. चुकीच्या जागी लावला तर खालचा भाग दाबला जातो. टायरची साइडवॉल फार कमी उंचीची आणि ताठ असल्यामुळे लोखंडी पट्टीने टायर ओढून काढताना रिमवर ओरखडे येऊ शकतात. व्हॉल्व्हच्या आत बसवलेला हवेच्या दाबाचा सेन्सरही तुटू शकतो. म्हणून पट्टीशिवाय टायर काढणारं मशीन आहे का, हे आधी विचारून घ्यावं.

टायर कोणत्या बाजूने बसवायचा हेही ठरलेलं असतं. काही टायरवर बाण असतो, तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेला हवा. काही टायरवर ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं, ती बाजू बाहेरच दिसली पाहिजे. उलटा बसला तर पावसात पाणी नीट बाहेर फेकलं जात नाही आणि वळणावर पकडही कमी मिळते.

चारही चाकांचं बॅलन्सिंग आणि गाडीचं अलाइनमेंट याच वेळी करून घ्यावं. अलाइनमेंट चुकलेलं असेल तर महागडा टायर आतल्या कडेने काही हजार किलोमीटरमध्येच झिजतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते कळतही नाही.

शेवटी येतात चाकाचे बोल्ट. ते अंदाजाने किंवा नुसत्या हवेच्या गनने आवळून चालत नाहीत. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर टॉर्क रेंचनेच आवळायचे असतात. ९११ जीटी३ सारख्या गाडीत तर चाकाला मध्यभागी एकच मोठा नट असतो. तो सुमारे ६०० न्यूटन मीटर इतक्या जोराने आवळावा लागतो आणि त्यासाठी खास अवजारं लागतात.

मग नवा टायर घसरतो कशामुळे?

याची मुख्य कारणं तीन आहेत.

पहिलं म्हणजे साचा. टायर साच्यात तापवून तयार होतो. तो साच्याला चिकटू नये म्हणून एक पदार्थ वापरतात. त्याचा पातळ थर नव्या टायरवर राहू शकतो, शिवाय रबराचा वरचा पापुद्रा गुळगुळीत आणि चकचकीत असतो. रस्त्यावर घासून तो निघाला की खालचं खरबरीत रबर उघडं पडतं आणि खरी पकड तिथून सुरू होते.

दुसरं म्हणजे खाचांची खोली. नव्या टायरवरचे रबराचे ठोकळे उंच असतात. वळताना आणि ब्रेक मारताना ते थोडे हलतात, त्यामुळे स्टिअरिंग जरा सैल वाटतं. जुन्या टायरची सवय झालेल्या माणसाला गाडी वेगळीच भासते.

तिसरं कारण रिमजवळ आहे. टायर रिमवर सरकवताना त्याच्या कडेला साबणासारखं वंगण लावतात. ते सुकायच्या आधी जोरात ॲक्सिलरेटर किंवा ब्रेक दाबला, तर टायर रिमवर थोडा सरकतो. त्यामुळे बॅलन्सिंग बिघडतं आणि गाडी थरथरू लागते. साधा उपाय म्हणजे टायर आणि रिमवर समोरासमोर खडूची खूण करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी खुणा जुळत नसतील तर बॅलन्सिंग पुन्हा करावं लागतं.

पहिले २०० किलोमीटर

पोर्शेच्या मॅन्युअलमध्ये नव्या टायरसाठी पहिले १०० ते २०० किलोमीटर बेताच्या वेगाने चालवायला सांगितलं आहे. या काळात काय करायचं?

• पहिला दिवस शांतपणे चालवा. लाँच कंट्रोल, जोरदार ब्रेक, वळणावर वेग, हे काहीही नको.
• पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा, कारण ब्रेक लागायला जास्त जागा लागू शकते.
• शक्य असेल तर कोरड्या रस्त्यावर सुरुवात करा. गुळगुळीत नवं रबर आणि ओला रस्ता ही जोडी सगळ्यात धोक्याची.
• वेग आणि वळणावरचा जोर टप्प्याटप्प्याने वाढवा.
• ५० ते १०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासून घ्या. हवा गाडी थंड असतानाच मोजा.
• टायर चमकवणारं पॉलिश रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधीही लावू नका.

फक्त मागचे दोन टायर बदलले असतील तर विशेष काळजी हवी. पुढचे टायर रुळलेले आणि मागचे गुळगुळीत, अशा वेळी वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ शकतो. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत हा धोका आणखी वाढतो.

फॉर्म्युला वनमध्ये गाड्या नागमोडी चालवताना दिसतात. त्यांचा उद्देश टायर गरम ठेवणं हा असतो. रस्त्यावर तसं करून टायर लवकर रुळत नाही, अपघात मात्र होऊ शकतो.

ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी एक पायरी जास्त आहे. ट्रॅकच्या टायरला पहिल्या वेळी हळूहळू तापवतात आणि मग साधारण २४ तास विश्रांती देतात. याला ‘हीट सायकल’ म्हणतात. त्यामुळे रबर जास्त काळ एकसारखी पकड देतं.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर

भारतात कारच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असणं नियमाने बंधनकारक आहे. ‘कप २’सारख्या टायरमध्ये खाचा मुळातच कमी असतात. कोरड्या ट्रॅकवर ते जबरदस्त चालतात, पण मुंबई किंवा कोकणातल्या पावसात साचलेल्या पाण्यावर तेच टायर लवकर तरंगतात. जी गाडी पावसाळ्यातही रस्त्यावर निघणार आहे, तिला खोल खाचांचे टायर जास्त सुरक्षित.

आणि समृद्धी महामार्गासारख्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर नवे टायर ‘टेस्ट’ करायचा मोह होत असेल, तर आधी ओडोमीटर बघा. टायर बसवल्यापासून २०० किलोमीटर झाले नसतील, तर ते अजून तयार झालेले नाहीत. आणि झाले असले, तरी तिथली ताशी १२० किलोमीटरची मर्यादा बदलत नाही.