कॅनडाचा विद्यापीठ फुटबॉल: व्यावसायिक ड्राफ्टपूर्वी खेळाडूंची पारख कशी होते?

कॅनडातील विद्यापीठांमधून फुटबॉल खेळणाऱ्या तरुणांसाठी वसंत ऋतूतील एक दिवस निर्णायक ठरतो. एप्रिलअखेरीस किंवा मे महिन्याच्या प्रारंभी कॅनेडियन फुटबॉल लीग, अर्थात सीएफएल, आपला वार्षिक ड्राफ्ट घेते. लीगमधील नऊ संघ या दिवशी आळीपाळीने नव्या खेळाडूंची निवड करतात. निवडीमागे अनेक महिन्यांची पाहणी, मोजमाप, मुलाखती आणि बरेचसे अनुमान असते. ही पारख कशी होते, तिचे निकष कोणते आणि ती कोठे चुकते, याचा हा आढावा.

खेळ कोणता?

येथे फुटबॉल म्हणजे भारतात परिचित असलेला पायाने खेळण्याचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावणे, तो सहकाऱ्याकडे फेकणे आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवणे, असे या खेळाचे स्वरूप आहे. अमेरिकन फुटबॉलशी त्याचे जवळचे नाते असले, तरी कॅनडाचे नियम स्वतंत्र आहेत. अमेरिकेत प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात, कॅनडात १२. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी अमेरिकेत चार प्रयत्न मिळतात, कॅनडात केवळ तीन. कॅनडाचे पारंपरिक मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद असून ते अमेरिकन मैदानापेक्षा मोठे आहे. व्यावसायिक लीगमध्ये २०२७ च्या हंगामापासून मैदानाची लांबी १०० यार्ड करण्याचा निर्णय सीएफएलने २०२५ मध्ये जाहीर केला आहे.

सीएफएलची स्थापना १९५८ मध्ये झाली. तिचे विजेतेपद असलेला ग्रे चषक मात्र त्याहून जुना असून तो प्रथम १९०९ मध्ये देण्यात आला. विद्यापीठ स्तरावरील क्रीडा व्यवहार यू स्पोर्ट्स ही संस्था पाहते. तिच्या अंतर्गत चार विभागांत २७ विद्यापीठांचे संघ फुटबॉल खेळतात. त्यांची राष्ट्रीय स्पर्धा व्हॅनियर चषकासाठी होते. १९६५ पासून सुरू असलेल्या या स्पर्धेवर क्वेबेक शहरातील लावाल विद्यापीठाचे वर्चस्व राहिले असून, २०२४ मध्ये या संघाने बारावे विजेतेपद पटकावले.

ड्राफ्ट म्हणजे काय?

भारतीय वाचकांना आयपीएलचा लिलाव परिचित आहे. तेथे ज्याची बोली मोठी, त्याला खेळाडू मिळतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते. मागील हंगामात तळाला राहिलेल्या संघांना निवडीत साधारणतः अग्रक्रम मिळतो आणि विजेत्या संघाची पाळी सर्वांत शेवटी येते. दुर्बल संघांना सावरण्याची संधी मिळावी आणि लीगमध्ये चुरस टिकावी, हा त्यामागील हेतू होय. खेळाडूला मात्र संघ निवडण्याची मुभा नसते. आपल्या पाळीचा हक्क दुसऱ्या संघाला देऊन त्याबदल्यात खेळाडू किंवा पुढील वर्षाची पाळी घेण्याचे व्यवहारही संघांमध्ये होतात.

सीएफएलचा हा ड्राफ्ट कॅनेडियन, म्हणजेच लीगच्या परिभाषेत ‘राष्ट्रीय’ खेळाडूंसाठी असतो. लीगमध्ये अमेरिकन खेळाडू मोठ्या संख्येने असल्याने स्थानिकांना संधी मिळावी, यासाठी प्रमाणाचा नियम आहे. आक्रमण आणि बचाव मिळून सुरुवातीच्या २४ खेळाडूंमध्ये किमान सात कॅनेडियन असावे लागतात. अमेरिकन खेळाडू संघ केव्हाही करारबद्ध करू शकतात. दर्जेदार कॅनेडियन खेळाडू मात्र मोजकेच असतात आणि ते मुख्यतः ड्राफ्टमधूनच मिळतात. म्हणूनच एखाद्या वर्षाची चुकलेली निवड संघाला पुढे अनेक हंगाम भोवते.

पाहणीचे टप्पे

पारखीची सुरुवात ड्राफ्टच्या बरीच आधी होते. २००३ पासून होत असलेल्या ‘ईस्ट-वेस्ट बोल’ या सामन्यात पुढील वर्षी ड्राफ्टला पात्र ठरणारे विद्यापीठ खेळाडू पूर्व आणि पश्चिम अशा दोन संघांतून खेळतात. अनेक खेळाडूंना संघांचे निरीक्षक, म्हणजेच स्काउट, प्रथम येथेच जवळून पाहतात. त्यानंतरच्या हंगामात निरीक्षक देशभर फिरून सामने पाहतात आणि ध्वनिचित्रफितींचा अभ्यास करतात. विद्यापीठांचा नियमित हंगाम साधारण आठ सामन्यांचाच असल्याने निष्कर्ष काढण्यासाठी हाती येणारी सामग्री अपुरी असते.

लीगचा ‘स्काउटिंग ब्यूरो’ प्रमुख उमेदवारांची क्रमवारी प्रसिद्ध करतो. संघांच्या निरीक्षकांच्या आणि व्यवस्थापकांच्या मतांवर ती आधारलेली असते. हंगामाच्या आरंभी, हिवाळ्यात आणि ड्राफ्टच्या तोंडावर अशा तीन वेळा ती जाहीर होते. या तीन याद्यांमधील चढउतारांवरून एखाद्या खेळाडूविषयीचे मत कसे बदलत गेले, हे कळते. तथापि ही क्रमवारी संघांवर बंधनकारक नसते. प्रत्येक संघ स्वतःची यादी गुप्तपणे तयार करतो.

मोजमापाचे शिबिर

ड्राफ्टपूर्वी मार्च महिन्याच्या सुमारास ‘कम्बाइन’ हे चाचणी शिबिर भरते. येथे खेळाडूंची उंची आणि वजन मोजले जाते. ४० यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर अंतराची धाव होते. पाठीवर झोपून २२५ पौंड, म्हणजे सुमारे १०२ किलो वजन किती वेळा उचलता येते, हे पाहिले जाते. जागेवरून उंच उडी, जागेवरून लांब उडी आणि झटपट दिशा बदलण्याच्या चाचण्याही होतात. वैद्यकीय तपासणीत जुन्या दुखापतींची नोंद घेतली जाते.

अनुभवी निरीक्षक या आकड्यांपेक्षा समोरासमोरच्या झुंजींना अधिक महत्त्व देतात. आक्रमक फळीतील लाइनमन आणि बचाव फळीतील लाइनमन यांना एकमेकांसमोर उभे करण्यात येते. पायांची ठेवण, हातांचा वापर आणि तोल सुटल्यावर सावरण्याची क्षमता काही सेकंदांतच उघड होते. कॅनडात दोन फळ्यांमध्ये एक यार्ड अंतर ठेवावे लागते. त्यामुळे बचावपटू वेग घेऊन येतो आणि आक्रमक लाइनमनला केवळ ताकदीवर निभावता येत नाही, चपळताही लागते.

मुलाखतींमध्ये स्वभाव, शिस्त आणि डावपेचांची समज तपासली जाते. चारित्र्याचा प्रश्न गौण नाही, हे २०१० मध्ये स्पष्ट झाले. त्या वर्षी वॉटर्लू विद्यापीठाच्या संघातील ६२ खेळाडूंची उत्तेजक द्रव्य चाचणी घेण्यात आली. नऊ प्रकरणांत नियमभंग आढळला आणि विद्यापीठाने पूर्ण हंगामासाठी संघ स्थगित केला. निर्दोष खेळाडूंनाही त्याचा फटका बसला. ड्राफ्टच्या उंबरठ्यावर असलेल्या खेळाडूच्या दृष्टीने एक हंगाम हातचा जाणे ही मोठी हानी ठरते.

कोविडच्या साथीत तर हा प्रश्न देशव्यापी झाला. २०२० चा विद्यापीठ हंगाम आणि सीएफएलचा हंगाम, दोन्ही रद्द झाले. परिणामी २०२१ च्या ड्राफ्टसाठी संघांना मुख्यतः जुन्या चित्रफितींवर विसंबून राहावे लागले. एरवी आठ फेऱ्यांचा असणारा ड्राफ्ट त्या वर्षी सहा फेऱ्यांचा झाला.

दोन वाटा, एक तुलना

निरीक्षकांपुढील सर्वांत कठीण प्रश्न तुलनेचा असतो. ड्राफ्टमधील काही कॅनेडियन खेळाडू देशातील विद्यापीठांत, तर काही अमेरिकेतील विद्यापीठांत खेळलेले असतात. अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांच्या स्पर्धेचा दर्जा आणि सुविधा वरचढ आहेत. कॅनडात क्रीडा शिष्यवृत्ती प्रामुख्याने शिक्षण शुल्कापुरती मर्यादित राहिल्याने अनेक गुणी खेळाडू दक्षिणेकडे जातात. दुसरीकडे, कॅनडातील विद्यापीठांचा खेळाडू कॅनेडियन नियमांनुसारच खेळलेला असतो. त्याला नव्याने जुळवून घ्यावे लागत नाही, पण त्याची कामगिरी तुलनेने सामान्य प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध झालेली असू शकते.

संघांचा कल कोठे आहे, हे पहिल्या निवडींवरून दिसते. २०१४ मध्ये कॅल्गरीने लावाल विद्यापीठाचा लाइनमन पिएर लाव्हर्तू याची प्रथम क्रमांकावर निवड केली. त्यानंतर २०१५ ते २०२५ या काळात प्रथम क्रमांकाचा मान प्रत्येक वेळी अमेरिकन विद्यापीठातून आलेल्या कॅनेडियन खेळाडूलाच मिळाला.

याचा अर्थ देशातील विद्यापीठे मागे पडली, असा मात्र होत नाही. २०११ मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाचा लाइनबॅकर हेनॉक मुआम्बा प्रथम क्रमांकावर निवडला गेला. २०१९ मध्ये तो लीगमधील सर्वोत्कृष्ट कॅनेडियन खेळाडू ठरला आणि २०२२ च्या ग्रे चषक अंतिम सामन्याचा मानकरीही तोच होता. अकरा वर्षांपूर्वीचा अंदाज अशा रीतीने खरा ठरला.

अंदाज चुकतात तेव्हा

क्वार्टरबॅक, म्हणजे डाव रचून चेंडू फेकणारा खेळाडू, हे स्थान सीएफएलमध्ये दीर्घकाळ अमेरिकन खेळाडूंकडेच राहिले. कॅनेडियन क्वार्टरबॅक खेळवला तरी तो प्रमाणाच्या नियमात मोजला जात नसे. ओटावा विद्यापीठाचा ब्रॅड सिनोपोली २०१० मध्ये विद्यापीठ फुटबॉलमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा हेक क्रायटन पुरस्कार मिळवणारा क्वार्टरबॅक होता. तरीही २०११ मध्ये तो चौथ्या फेरीपर्यंत थांबला. पुढे त्याने जागा बदलली, चेंडू झेलणारा रिसीव्हर झाला आणि २०१८ मध्ये सर्वोत्कृष्ट कॅनेडियन ठरला. निरीक्षकांनी त्याच्या खेळाचा दर्जा ओळखला होता, परंतु त्याच्यासाठी योग्य जागा कोणती, हे नंतर उमगले.

२०१९ च्या सामूहिक करारात कॅनेडियन क्वार्टरबॅकही प्रमाणात धरण्याची तरतूद झाली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश कोलंबिया लायन्सने नेथन रूर्क याला दुसऱ्या फेरीत घेतले आणि २०२२ मध्ये तो सर्वोत्कृष्ट कॅनेडियन ठरला. २०२२ च्याच ड्राफ्टमध्ये वॉटर्लू विद्यापीठाचा ट्रे फोर्ड पहिल्या फेरीत आठव्या क्रमांकावर एडमंटनकडे गेला. नियम बदलताच त्याच कौशल्याचे मोल बदलले, हे यातून दिसते.

अँड्र्यू हॅरिस तर विद्यापीठ फुटबॉल खेळलाच नव्हता. कनिष्ठ स्तरावरील संघातून आलेल्या या धावपटूने सीएफएलमध्ये दहा हजारांहून अधिक यार्डांची धाव नोंदवली.

एनएफएलचे आव्हान

कॅनेडियन संघांना आणखी एक जोखीम पत्करावी लागते. सर्वोत्तम खेळाडूवर अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगचीही नजर असते. असा खेळाडू निवडल्यास तो प्रत्यक्षात येईलच, याची शाश्वती नसते आणि मौल्यवान पाळी वाया जाऊ शकते. माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकणारा लाइनमन लॉरां दुव्हर्ने-तार्दिफ हे त्याचे ठळक उदाहरण. २०१४ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला सहाव्या फेरीत निवडले. कॅल्गरीने त्याच वर्षी तिसऱ्या फेरीत त्याचे हक्क घेतले, पण तो अमेरिकेतच खेळला. २०१८ मध्ये तो डॉक्टर झाला, फेब्रुवारी २०२० मध्ये त्याने सुपर बोल जिंकला आणि त्याच वर्षी हंगाम सोडून कोविडकाळात वृद्धांच्या सेवाकेंद्रात काम केले.

नायजेरियातील लागोस येथे जन्मलेला डेव्हिड ओनियेमाटा मॅनिटोबा विद्यापीठात शिकायला आल्यावर प्रथमच हा खेळ खेळला. २०१६ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सने त्याला चौथ्या फेरीत निवडले. २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा भव्य देहाचा लाइनमन जिओव्हानी मानू डेट्रॉइट लायन्सकडे गेला.

निवड झाली म्हणजे संघात स्थान निश्चित झाले, असे नाही. निवडलेल्या खेळाडूला सराव शिबिरात पुन्हा स्वतःला सिद्ध करावे लागते. पात्रता शिल्लक असल्यास त्याला विद्यापीठात परतून आणखी एक हंगाम खेळता येतो. ज्यांचे नाव पुकारले जात नाही, त्यांना मुक्त खेळाडू म्हणून करार मिळवण्याची वाट मोकळी असते. उरलेल्यांसाठी विद्यापीठाची पदवी हाच आधार असतो. ताकद, वेग आणि उंची मोजता येते, परंतु शिकण्याची तयारी आणि अपयश पचवण्याची वृत्ती मोजण्याचे साधन कोणत्याही शिबिराकडे नाही. त्यामुळेच पहिल्या फेरीतील काही नावे विस्मरणात जातात आणि चौथ्या फेरीतील एखादा खेळाडू पुढे देशातील सर्वोत्कृष्ट ठरतो.