चौथ्या गटातील बायका

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात डॉक्टरांची नावे राहतात, औषधांची नावे राहतात, रुग्णालयांच्या पाट्या राहतात. ज्यांच्या शरीरावर ते शास्त्र उभे राहिले त्यांची मात्र फक्त संख्या राहते. ३१,४८८ ही अशीच एक संख्या आहे. मराठवाड्यातील तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील एवढ्या स्त्रिया १९९९ साली सुरू झालेल्या एका मोठ्या वैद्यकीय प्रयोगात ‘तुलना गट’ म्हणून होत्या. त्यांपैकी ६४ जणी गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने मेल्या. या प्रयोगाचा निष्कर्ष जगभरच्या तज्ज्ञांना ठाऊक आहे. ज्या गावांत तो झाला, त्या गावांनी आणि त्या गावांत काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनीही तो समजून घेतला पाहिजे. त्यात कोणाला खलनायक ठरवायचे नाही. देणे कोणाचे आणि घेणे कोणाचे, एवढेच तपासायचे आहे.

या प्रयोगाचे केंद्र सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे होते. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने १९८७ साली तेथे कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्यात आली. देशातल्या ग्रामीण भागातील ही पहिली नोंदणी. शहरात रुग्ण दवाखान्यात येतो आणि त्याची नोंद होते. खेड्यातली बाई दवाखान्यात येतच नाही. आली तर अखेरच्या अवस्थेत येते. म्हणून येथे नोंदणी करणारे कर्मचारीच गावोगाव गेले. त्यांच्या वह्यांतून जे चित्र पुढे आले त्यात ग्रामीण बायकांच्या कर्करोगांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सर्वांत वर होता.

हा रोग समजून घेण्यास अवघड नाही. ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे तो होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. काहींच्या शरीरात टिकून राहतो. टिकला तर गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी हळूहळू बदलू लागतात आणि त्या बदलाचा कर्करोग होण्यास बहुधा दहा, पंधरा, वीस वर्षे लागतात. म्हणजे हा रोग वेळ देतो. त्या वेळात कोणी तपासले, तर बिघडलेल्या पेशी साध्या उपायाने काढून टाकता येतात आणि बाई वाचते. ज्या देशांनी आपल्या स्त्रियांना नियमित तपासणी दिली तेथे हा रोग मागे हटला. लहान वयात लग्न, पाठोपाठची बाळंतपणे आणि दवाखाना दूर, अशी जिथे स्थिती आहे तिथे तो ठाण मांडून बसला. गरिबी हा विषाणू नव्हे. पण विषाणूला दहा-वीस वर्षे मोकळे रान देते ती गरिबीच.

आता प्रयोगाकडे वळू. एखादा उपाय खरोखर लागू पडतो की नाही हे कसे ठरवायचे? उपाय केलेल्या माणसांची उपाय न केलेल्या माणसांशी तुलना करून. कोणाला उपाय मिळावा हे डॉक्टरने आपल्या मर्जीने ठरवले तर निकालात खोट येते. म्हणून ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात. वैद्यकीय चाचणीचे सार एवढेच आहे. उस्मानाबादेत गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठीने त्यांची चार गटांत वाटणी केली. प्रत्येक गटात १३ समूह. ३० ते ५९ वर्षे वयाच्या एकूण १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात आल्या. बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधील लियाँ येथील कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे काम केले. पैसा मुख्यतः अमेरिकेतील गेट्स फाउंडेशनचा होता.

पहिल्या गटातील स्त्रियांची विषाणूसाठी एकदा तपासणी झाली. दुसऱ्या गटाची पॅप चाचणी झाली, म्हणजे पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तिसऱ्या गटात गर्भाशयाच्या मुखाला सौम्य अॅसेटिक आम्ल लावून पांढरे डाग पडतात का, हे नर्सने नुसत्या डोळ्यांनी पाहिले. चौथ्या गटाला त्या भागात जी सेवा होती तीच राहिली. त्या भागात तपासणीची सोयच नसल्याने तिचा व्यावहारिक अर्थ एवढाच होता की, चौथ्या गटाची तपासणी झाली नाही.

आठ वर्षे पाठपुरावा झाला. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला. विषाणू तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या, मृत्यू ३४. पॅप चाचणीच्या गटात ३२,०५८, मृत्यू ५४. आम्ल लावून पाहिलेल्या गटात ३४,०७४, मृत्यू ५६. चौथ्या गटात ३१,४८८, मृत्यू ६४. मधल्या दोन गटांत मृत्यू थोडे कमी दिसले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. विषाणूच्या तपासणीने मात्र मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले, आणि तेही आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतून जगाला मिळालेले हे ज्ञान लहानसहान नाही. हिशेब मांडून पाहा: चौथ्या गटाला पहिल्या गटाच्या दराने मृत्यू आले असते तर ते ३१ च्या आसपास असते. आले ६४.

येथून वादाला सुरुवात होते. उस्मानाबादसारखेच दोन प्रयोग मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि तामिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्यात झाले होते. तिन्ही ठिकाणच्या तपासणी न झालेल्या स्त्रियांची बेरीज १,३८,६२४ होते आणि त्यांतील मृत्यूंची २५४. अमेरिकेतील पॅथॉलॉजिस्ट डॉ. एरिक सुबा यांनी या आकड्यांवरून जाहीर आक्षेप घेतला. २०१३-१४ च्या सुमारास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ आणि ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ यांतून हा वाद गाजला. आक्षेप सरळ होता. तपासणीने मृत्यू टळतात हे पॅप चाचणीच्या अनेक दशकांच्या अनुभवावरून माहीत होते. मग हजारो बायकांना बिनतपासणीचे ठेवून त्यांचे मृत्यू मोजण्याची गरज काय? अमेरिकेत किंवा युरोपात असा चौथा गट कोणी उभा करू धजले असते का?

प्रयोग करणाऱ्यांच्या बाजूने टाटा केंद्रातील डॉक्टरांनी उत्तर दिले. पॅप चाचणीला प्रशिक्षित माणसे आणि प्रयोगशाळा लागतात. खेड्यापाड्यांत ती चालवणे शक्य नाही. स्वस्त आणि सोप्या पद्धती आपल्याकडे लागू पडतात की नाही हे कोणालाच माहीत नव्हते. देशात तपासणीची योजनाच नव्हती. तेव्हा तपासणी न होणे हीच येथील प्रचलित सेवा होती. प्रयोग झाला नसता तर चौथ्या गटातील बायकांना काही अधिक मिळाले असते असे नाही.

या उत्तरात तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. उस्मानाबादच्या निकालाने हेच दाखवले की जी पद्धत चालेल असे वाटत होते ती प्रत्येक ठिकाणी चालतेच असे नाही. परंतु या युक्तिवादाच्या पोटात एक गोष्ट दडलेली आहे आणि ती आपल्या वाचकांनी नीट ओळखली पाहिजे. ‘येथे काहीच मिळत नाही, म्हणून काहीच न देणे योग्य’ असे म्हटले की वंचना हाच मापदंड ठरतो. शतकानुशतके ज्यांना पाणी मिळाले नाही त्यांना पाणी न मिळणे हीच ‘प्रचलित सेवा’ होती. महाडच्या तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी मोडली ती हीच प्रचलित सेवा. माणसाला काय मिळत आले आहे यावरून त्याला काय मिळावे हे ठरवायचे नसते.

दुसरा प्रश्न संमतीचा. मानवी शरीरावरील संशोधनासाठी संमती हवी हे तत्त्व १९४७ च्या न्युरेंबर्ग संहितेत आणि १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात आले. तरी १९७६ ते १९८८ या काळात दिल्लीत १,१५८ स्त्रियांच्या गर्भाशयाच्या मुखावरील बदल कर्करोगाकडे जातात का, हे सरकारी संस्थेने पाहत ठेवले, आणि लेखी संमती घेतली नव्हती. १९९७ साली ते वर्तमानपत्रांतून उघड झाले. त्यानंतर २००० साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. बार्शीच्या प्रयोगाला समित्यांची मान्यता होती, स्त्रियांची संमतीही घेतली होती. दिल्लीहून ही वाट पुढची आहे, यात शंका नाही. तरीही कागदावरची सही म्हणजे संमती नव्हे. गावात सकाळी मजुरीला आणि हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला ‘तुमच्या गावाच्या चिठ्ठीत तपासणी नाही’ याचा अर्थ कळला पाहिजे. तपासणी दुसरीकडे कोठे मिळते हे कळले पाहिजे, आणि तेथवर जाण्याचे भाडे तिच्या पदरात असले पाहिजे. प्रयोगाने गावेच्या गावे घेतली होती, त्यात सर्व जातींच्या स्त्रिया होत्या. परंतु चौथ्या गटातली जमीनदाराची सून सोलापूर-पुण्याला जाऊन पैसे मोजून तपासून घेऊ शकत होती. वस्तीवरच्या भूमिहीन बाईला तोच गट बंद दाराचा होता.

ज्या तपासणीने पहिला गट वाचला, तिच्या मागेही एका गरीब स्त्रीचे शरीर आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय स्त्री १९५१ साली याच रोगाने, वयाच्या ३१ व्या वर्षी मरण पावली. तिच्या गाठीतील पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या प्रयोगशाळेत वाढत राहिल्या आणि जगभर वाटल्या गेल्या. या कर्करोगाच्या मुळाशी पॅपिलोमा विषाणू आहे हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांनी दाखवले तेव्हा त्यांना हेन्रिएटाच्या पेशींतही तो सापडला. २००८ साली त्यांना नोबेल मिळाले. बाल्टिमोरच्या कृष्णवर्णीय वस्तीपासून बार्शीच्या माळरानापर्यंत ज्ञानाची ही वाट गरीब बायकांच्या शरीरातून गेली आहे. आपण कृष्णवर्णीयांशी नाते सांगतो ते केवळ साहित्यातले नाही.

मग परत काय आले? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली विषाणूच्या तपासणीला पहिली पसंती दिली. त्या शिफारशीच्या पायात उस्मानाबादचे आकडे आहेत. आपल्या सरकारने २०१६ साली ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी तपासणी ठरवली, ती मात्र आम्ल लावून पाहण्याची. मुंबई आणि दिंडिगल येथे या पद्धतीने मृत्यू कमी झाले होते, हे मान्य केले पाहिजे. उस्मानाबादेत तसे सिद्ध झाले नाही. ठरवलेले तरी पोहोचले का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी कधीतरी या रोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया देशभरात १.९ टक्के निघाल्या. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बायका अजून चौथ्या गटातच होत्या. फरक इतकाच की, त्यांचे मृत्यू कोणी मोजत नव्हते.

खरा आरोप येथे आहे, आणि तो प्रयोगाहून मोठा आहे. ‘येथे तपासणी नाही’ हे प्रयोगापूर्वी अज्ञानाच्या नावाखाली चालून गेले. प्रयोगानंतर ती सबब उरली नाही. चौथ्या गटातील ६४ मृत्यूंना काही अर्थ द्यायचा असेल तर तो एकाच रीतीने देता येईल: ज्या गावांनी उत्तर दिले त्या गावांना ते उत्तर तपासणीच्या रूपाने मिळाले पाहिजे. ही दया नव्हे, थकलेले देणे आहे.

कार्यकर्ते, शिक्षक, विद्यार्थी यांना येथे काम आहे. २००७ पासून देशात वैद्यकीय चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही आहे. ती कोणालाही पाहता येते. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात कोणती चाचणी चालू आहे ते पाहावे. तुलना गटाला काय मिळणार, इजा झाली तर भरपाई कोण देणार, निकाल गावात येऊन मराठीत कोण सांगणार आणि उपाय लागू पडला तर तो गावाला कधी मिळणार, हे चार प्रश्न ग्रामसभेत उभे राहून विचारावेत. संशोधनाला विरोध करण्याचे कारण नाही. विज्ञान आपल्याला हवेच आहे. पण आपल्या बायकांच्या शरीरावर उभे राहिलेले विज्ञान त्यांच्याच उंबरठ्यावर येईपर्यंत ते प्रश्न थांबता कामा नयेत.