मुद्गविचार

मूग म्हणजे रुग्णाचें अन्न, अशी समजूत पुष्कळांची आहे. जुनीं साधनें पाहतां ती अपुरी ठरते, असें आमचें मत आहे.

वाजसनेयी संहितेच्या १८ व्या अध्यायांतील धान्यांच्या यादींत व्रीहि, यव, माष व तीळ यांच्या पंक्तीस मुद्ग बसलेला आहे. चरकानें सूत्रस्थानांत (अ. २५) शमीधान्यांमध्यें मुद्ग सर्वांत पथ्यकर व माष सर्वांत अपथ्यकर ठरविला. ‘आजाऱ्याचें अन्न’ ही समजूत येथूनच निघाली असावी. परंतु १२ व्या शतकांतील चालुक्यनृपति तिसरा सोमेश्वर आपल्या मानसोल्लासांत राजभोजनाच्या प्रकरणींही मुद्गपाक सांगतो. १४ व्या शतकांतील प्रवासी इब्न बतूता लिहितो कीं, येथील लोक मूग तांदुळांबरोबर शिजवून तुपाशीं खातात, त्यास ‘किशरी’ म्हणतात व तीच त्यांची रोजची न्याहारी. ही आपली खिचडीच होय.

या जोडीचें मर्म आजचें आहारशास्त्र उलगडतें. वाळल्या मुगांत शेंकडा सुमारें २४ भाग प्रथिनें असतात. तांदुळांत लायसीन कमी, तें मूग पुरवितो. मुगांत मेथिओनीन कमी, तें तांदूळ भरून काढतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, सनदा व महजर वेंचतांना वैद्यांच्या बाडांतील पथ्याचीं पानें आणि कोठीचे हिशेब रद्दींत जाऊं देऊं नयेत. दरबारचा वृत्तांत सनदांवरून लागेल. घरोघरच्या जेवणाचा लावावयाचा तर हींच साधनें.